दार उघडायचा सीन

दादा,

रागावू नकोस. मी आपल्या घरावर सिनेमा केलाय आणि त्यात तू आहेस. म्हणजे तुझं भांडून निघून जाणं आहे.

निर्माते दारात उभं करेनात, म्हणून इंटरनेटवर क्रिप्टोची नाणी विकून पैसे उभे केले. ज्याच्याकडे नाणं, त्याला सिनेमाच्या शेवटावर मत. मला वाटलं, मत द्यायला कोण बसलंय! पण त्या अनोळखी माणसांनी एकमुखाने कौल दिला: मुलगा परत यायला हवा. तुला विचारायचं तर पत्ता कुठेय? हे पत्रही माझ्याच टेबलावर राहणार.

मग तुझ्या अंगकाठीचा एक नट आणला. तुझा निळा स्वेटर आईनेच कपाटातून काढून दिला. आईचं काम आईच करत होती. बेल वाजली की दार उघडायचं आणि त्याला जवळ घ्यायचं, एवढंच. तालमीत तिने झकास केलं. कॅमेरा सुरू झाल्यावर मात्र तिने त्याला हलकेच बाजूला सारलं आणि जिन्यात डोकावून पाहिलं, मागून आणखी कोणी येतंय का ते. नट बिचारा गांगरला. मी कॅमेरा चालूच ठेवला.

तोच टेक मी ठेवलाय. नाणेवाले बोंबलू देत. शूटिंग केव्हाच संपलं, माणसं पांगली, घरात आम्ही दोघीच.

आई मात्र अजून रोज पावडर लावून तयार बसते आणि विचारते, "तो दाराचा सीन पुन्हा कधी घ्यायचाय गं?"

तुझी,
धाकटी