बॉल दिसंना

६ फेब्रुवारी २००५

आज परत फसलं. दादाच्या चहात मीठ घातलं. आख्खा कप प्याला. तोंडसुद्धा वाकडं केलं न्हाय. कप खाली ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून पडला.

दोन महिन्यामागं असला चहा दिला असता तर मंगळवार पेठेच्या पार कोपऱ्यापतूर मागं लागला असता. दादा, म्हणजे धम्मपाल, आमच्या तालमीच्या टीमचा सेंटर हाफ! मी पुढं, तो मागं, बायका दारात येऊन बघायच्या. आणि त्याच्या तावडीत गावायचो मीच. कायम.

आता गुडघा गेलाय. जानेवारीत, म्याचमधे. ऑपरेशन झालं, टाकं निघालं, पण गडी खाटंवरनं उठंना. व्यायाम शिकवाय पूर्णिमा मॅडम येत्यात. जाताना आईला दारात सांगत हुत्या — रोज उठून चालला न्हाय तर पाय असाच ताठ ऱ्हाणार, जल्मभर. खेळायचं सोडा, मांडी घालून जेवता पण येणार न्हाय. हळू बोलत हुत्या. पण दादानं ऐकलं. मला म्हाइत हाय ऐकलं.

शिवी तरी दे की लेका.

८ फेब्रुवारी

कागलच्या मामाचा जुना कॉम्प्युटर आणला. त्यांच्या पोरानं नवीन घेतलाय. मामानं संगं सगळ्या सीड्या पण दिल्या, पिशवीत घालून. दादाच्या खाटंसमोर टेबलावर मांडला. आईनं त्याच्यावर लगेच फुलाफुलाचं कापड टाकलं. धूळ बसती म्हणं.

उद्या फुटबॉलचा गेम टाकणार. धैर्याच्या नेट कॅफेतनं आणलाय.

९ फेब्रुवारी

लिवू वाटंना. तरी लिवतो.

गेम चालू झाला. ग्राउंड हिरवंगार. पब्लिक, झेंडे, पंच, सगळं. दादा उशीला टेकून बसला! आई भाकरी टाकायची सोडून दारात आली. शिट्टी वाजली — आणि बावीस माणसं मोकळ्या गवताला लाथा घालाय लागली.

बॉलच न्हाय! पळत्यात, उड्या मारत्यात, गोलकीपर पोटाशी काय तर धरून पडतोय. पण बॉल दिसंना.

दादानं माझ्याकडं बघितलं. त्याला काय वाटलं ते मला तिथंच कळलं. पाय मोडलेल्या प्लेअरला बिनबॉलचा गेम — हे पश्याचंच, म्हणजे माझंच काम.

"भारी जोक केलास," म्हणला. आणि भिंतीकडं.

मी न्हाय केलं. शपत. पण आजपतूर खोट्या शपता इतक्या घेतल्यात की खरी घेतली तर कोण ऐकणार? आई पण म्हणली, आता तरी सोड की त्याला.

१० फेब्रुवारी

धैर्याकडं गेलतो. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणला, आधी माझ्या माऊसातले बॉल परत आण, मग तुझ्या बॉलचं बघू.

त्याच्या कॅफेतल्या माऊसमधले बॉल काढून मी खिशात घालायचो. गिऱ्हाइकं माऊस आपटत बसायची, मी हसत बसायचो. आज हसू आलं न्हाय.

बॉल दिले. सगळे न्हाईत, दोन कुठं गेले देव जाणे. मग त्यानं सांगितलं. कॉम्प्युटरमधे एक व्हिडिओ कार्ड असतंय, पडद्यावर चित्र काढतंय ते. त्या कार्डाला काय काढायचं ते सांगणारा ड्रायवर असतोय. तुझा जुनाट हाय, नवीन गेममधला बॉल त्याला काढाय येत न्हाय. नवीन ड्रायवर उतरवून घे नेटवरनं.

एवढंच? मी म्हणलं एवढंच?

११ फेब्रुवारी

उतरत आलतं. लाईट गेली.

१२ फेब्रुवारी

परत लाईट गेली. धैर्या म्हणतोय, मी काय करू भावा, मी काय वीज मंडळ हाय का.

१३ फेब्रुवारी

ड्रायवर मिळाला. सीडीवर घेतला. घरी आणून टाकला. पुढं, पुढं, पुढं, व्हय, व्हय — सगळ्याला व्हय म्हणलं. कॉम्प्युटर बंद होऊन चालू झाला.

पडदा काळा. काळाकुट्ट.

बटणं दाबली. वायरी काढून घातल्या. फुकलं. डबड्यावर थापटलं. आत फॅन फिरतोय, दिवा लागतोय, आणि पडद्यावर काय न्हाय. दादा भिंतीकडं तोंड करून पडलेला, पण जागा हुता. श्वासावरनं कळतंय. हसला असता तरी बरं वाटलं असतं.

आता मामाला काय सांगू?

१४ फेब्रुवारी

धैर्या म्हणला, दुसऱ्याच कार्डाचा ड्रायवर टाकलास. तुझं कार्ड कुठलं ते बघितलंस का? कार्ड बघाय लागतंय हे कुणी सांगितलं मला?

चालू करताना कीबोर्डावरचं एफ आठ बटण दाबत बसायचं म्हणं. बसलो. एकदाचा उघडला. चित्रं ही मोठ्ठी मोठ्ठी, रंग विटलेले. चुकीचा ड्रायवर काढला आणि मामाच्या सीडीतला जुनाच परत टाकला. गेम चालू झाला.

बॉल न्हाय. फिरून तिथंच.

१५ फेब्रुवारी

पूर्णिमा मॅडम आल्या. दादानं चादर डोक्यावर घेतली. मॅडम म्हणल्या, हा उठणार असंल तवा मला फोन करा. आईनं त्यांना चहा दिला. साखरंचा.

१७ फेब्रुवारी

आज काय झालं!

दुपारी मी एकटाच त्या बिनबॉलच्या गेममधे मार खात बसलेलो. चिडून बटणं बडवत हुतो. मागनं आवाज आला —

"डावीकडं हाय."

मी वळलोच न्हाय. भ्याव वाटलं, बोलायचा बंद हुईल म्हणून. डावीकडं पळवला. माणसाच्या पायाला खरंच काय तर लागलं!

"कसं कळलं?"

"बॉल बघायचा नसतोय येड्या. पाय बघायचे. तो तीन नंबरवाला बघ, आंग कुठं झुकलंय. तिकडं देणार तो. दिला बघ."

मग म्हणला, आण तो कीबोर्ड. मांडीवर घेतला. अर्धी बटणं त्याची, अर्धी माझी. माझी धुलाई केली. गोल झाला की पब्लिक वरडतंय, त्यावरनं कळायचं. प्रत्येक गोलला माझ्या टाळक्यात टपली.

हळूच मारली. पण मारली.

१९ फेब्रुवारी

दिवसभर खेळतोय. बोलतोय. काल जेवताना आईला चटणी मागितली.

पण उठत न्हाय. कीबोर्ड मांडीवर, पाय तसाच फळीगत लांब. आई म्हणली, बोलतोय हेच लई झालं. मला न्हाय वाटत. मॅडम बोलल्यात ते डोक्यातनं जात न्हाय.

मी म्हणलं, बिनबॉलचा एवढा खेळतोय, तर बॉल दिसल्यावर काय करंल! उठून नाचंल. धैर्याला घरी आणलं, डबडं उघडून कार्डावरचं नाव वाचलं, लिवून घेतलं. आता चुकायचं न्हाय.

२० फेब्रुवारी

दुपारी दादा झोपल्यावर टाकला धैर्याकडनं आणलेला नवीन ड्रायवर. पडदा काळा झाला तवा माझा जीव गेलता. पण आला परत.

आणि बॉल! पांढराशिप्पट, खाली सावली पण! दादाला हलवून उठवलं. बघ म्हणलं, बघ, जोक न्हवता माझा.

तो थोडा खेळला. हात थांबला.

"हे काय केलंस?"

"नीट केलं."

"कुणी सांगितलंतं नीट कराय? आता ह्यात काय ऱ्हायलं? शेंबडं पोर पण खेळंल. पहिल्यागत कर."

एवढं सगळं करून हे! वीज मंडळ, एफ आठ, माऊसचे बॉल! माझ्या तोंडातनं सवयीनं गेलं — "करत न्हाय जा."

आणि तो उठला.

आधी खाट धरली, मग टेबल, मग भिंत. ताठ पाय वडत, शिव्या देत. कसल्या कसल्या शिव्या! मी दारात हुतो. पळालो असतो तर गल्लीच्या टोकाला असतो. पळालो न्हाय. पाठीत एक बसली, अशी बसली की कळ मस्तकात गेली. मग त्याला माघारी जाता येईना. त्याचा हात माझ्या गळ्यात घेऊन खाटंवर आणला. घामानं नुसता भिजलेला. आईच्या हातात पीठ, तशीच बघत उभी. कुणालाच रागावली न्हाय.

२१ फेब्रुवारी

बॉल अजून दिसतोयच. जुन्या ड्रायवरची मामाची सीडी माझ्या खिशात हाय. "दे इकडं," दादा म्हणला. "घे की येऊन," मी म्हणलं.

आज उंबऱ्याच्या भाईर उभा हुतो. गावलो. मार खाल्ला, सीडी सोडली न्हाय.

उद्या गल्लीतल्या नळापाशी.