बापूंचं नाव यादीत नाही

१२ जाने. ९७, रविवार
खांदेश्वरला जाऊन आलो. नायरबाईंचा फ्लॅट. वन रूम किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. नवरा वारला, बाई मुलाकडे कोचीनला चालल्यात, म्हणून विकायचाय. सु. सरळ स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. नुसती हवा आली. पाणी सकाळी पाऊण तास, बाई म्हणाल्या. सु. म्हणाली, "आपल्या सारसोळ्याच्या भाड्याच्या खोलीत तेवढंही नाही."
दारावरची बेल दाबली की चिमण्या ओरडतात. मनी पाच वेळा दाबून आली. नववीत आहे, पण घर बघितल्यावर पाचवीतली झाली.
भाव मी पाडला. वीस वर्षं कांद्याच्या गोणीत हात घालून भाव पाडलेत, भिंतींचा पाडायला काय लागतं. निघताना बाई सु.ला हळूच विचारत होत्या, हा एजंट कमिशन किती घेतो. "हे माझे मिस्टर," सु. म्हणाली. बाई ओशाळल्या. तशी त्यांची चूक नव्हती. माझं दिवाळं निघालंय, आणि वकिलांनी बजावलंय, कोर्ट नादारीतून मोकळं करेपर्यंत माझ्या नावावर सायकलसुद्धा नको, जे असेल ते कोर्ट नेणार. तेव्हा पैसे सु.चे, सही सु.ची, फ्लॅट सु.चा. मी एजंटच. बिनकमिशनचा.

१४ जाने., मंगळवार
संक्रांत. मार्केटात बापूंनी तीळगूळ दिला. "शेट, ग्वाड बोला." मी दुसऱ्याच्या गाळ्यावर बिलं लिहिणारा दिवाणजी, आणि हा माणूस मला अजून शेट म्हणतो. तेही माझ्या जुन्या गाळ्यासमोर, जिथे आता दुसऱ्याची पाटी आहे.
बापू आमच्या गावचे, साताऱ्याकडचे. माझ्या गाळ्यावरच्या हमाल टोळीचे मुकादम होते. अकरा वर्षं दर पगारातून उरेल ते माझ्याकडे ठेवायचे. टोळीतले बरेच जण आपापल्या शेटकडे ठेवतात. "बँकेत सही लागती, फारम लागतंय. तुमच्याकडं काय लागतंय? तुमी लिवता, झालं." खोलीसाठी साठवत होते. नेरूळला एक खोली, बायकोला गावाहून आणायला. मी लाल वहीत लिहीत गेलो. ते पैसे माझ्या कांद्याबरोबर सडले.
नादारीचा अर्ज केला तेव्हा, ज्यांचं ज्यांचं मी लागतो त्यांची यादी कोर्टाला द्यायची होती. बापूच म्हणाले, "माजं नाव घालू नगा. गावच्या माणसाला कोर्टात वढला म्हनत्याल. तुमी परत उभं ऱ्हायला की द्या." मी घातलं नाही. यादीतल्यांना रुपयामागे चार-दोन आणे तरी मिळाले. बापूंना काही नाही.
खरं लिहायचं तर त्या दिवशी मला बरं वाटलं होतं. एक नाव कमी, तेवढीच लाज कमी. सु.ला यातलं काही माहीत नाही. लाल वही कपाटात, माझ्या स्वेटरखाली.

२ फेब्रु., रविवार
मेहुणा आला होता. सु.च्या वाट्याची माहेरची जमीन विकली, त्याचे पैसे घेऊन. बाकी तिच्या शाळेच्या फंडातून आणि पतपेढीतून. पैसे बहिणीच्या हातात दिले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दाजी कुठं सही करणार नाहीत ना?" चहा पिता पिता. साखर कमी आहे का विचारावं तसं.
मी म्हटलं, "नाही, माझी सही आता फक्त मनीच्या प्रगतिपुस्तकावर चालते." कोणी हसलं नाही.

१९ फेब्रु., बुधवार
बातमी मार्केटात पोचली. कशी, देव जाणे. चहाच्या टपरीवर दोघे मला ऐकू जाईल असं बोलत होते. "आपण साले मूर्ख. पंधरा वर्षं गाळा सांभाळतोय आणि भाड्याने राहतोय. दिवाळं काढायला पाहिजे होतं." यातला एक माझ्या यादीतला. सातवं नाव.
सांगावंसं वाटलं की अरे, बायकोने चौथीतल्या पोरांना पाढे शिकवून घेतलंय ते घर. पण कोण ऐकणार. माझ्यासारखा बुडाला की लोक समजतात, याने तळाशी काहीतरी पुरून ठेवलंय. मीही दुसऱ्यांच्या बाबतीत हेच समजायचो.

२७ फेब्रु., गुरुवार
नोंदणी झाली. मी ऑफिसबाहेरच्या बाकावर. आतून कारकुनाचा आवाज, "साक्षीदार म्हणून मिस्टरांची घ्या की, बाहेर बसलेत ना?" सु. म्हणाली, "त्यांची नको." एवढंच. कारकून दारातून डोकावून मला बघून गेला.
शाळेतल्या दोन बाईंनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. मग चौघींनी, नायरबाई धरून, उसाचा रस घेतला. मला पाचवा ग्लास आणून दिला. मी तो बाकावर ठेवून दिला. आयुष्यातलं पहिलं स्वतःचं घर, आणि मी ड्रायव्हरसारखा बाहेर. राग कोणाचा येतोय तेही कळत नव्हतं. सु.चा येत होता, आणि ती तर सगळं बरोबर करत होती.

१० मार्च, सोमवार
ज्याची भीती होती ते झालं. बापू वजनकाट्याजवळ गाठून म्हणाले, "घर घेतलं म्हनं."
"सुनंदाचं आहे, बापू. तिच्या पैशांचं."
"वैनींचं म्हंजी तुमचंच की."
मी बिलबुकातली पानं उलटत राहिलो. गेले असतील म्हणून वर बघितलं तर तिथेच. म्हणाले, "सामान कवा हलवायचं? दुसऱ्या कुनाला सांगू नगा. आमी येतू."
चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

३० मार्च, रविवार
आज सु.ला सांगायचंच असं ठरवून बसलो होतो. ती पडद्याचं कापड मोजत होती. नाही सांगितलं. मग घरमालकीण आली, ओल्या हाताला मासळीचा वास. "मास्तरीन बाय, चाललीस आमाला सोरून. मावरा खावाला येशील ना?" सु.च्या डोळ्यांत पाणी. सहा वर्षं त्या खोलीला नावं ठेवली तिने. नादारीनंतर चार महिने भाडं थकलं, पण या बाईने दारात येऊन मागितलं नाही. यादीत हिचंही नाव नव्हतं. पण हिचं फेडलं. सु.ने फेडलं.

६ एप्रिल, रविवार
हललो. बापू आणि टोळीतले तिघे. पैसे टेम्पोचेच द्यायचे, हमालीचं नाव काढायचं नाही, असं बापूंनी आधीच सांगितलं होतं.
लोखंडी कपाट बापूंनी स्वतः घेतलं. कपाळाला पट्टा, पाठीवर कपाट, पायरी पायरीने. वय छप्पन्न. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर थांबले. चेहरा काळानिळा. मी खालून हात लावायला गेलो. "शेट, हात काढा. वझं एकाच्याच अंगावं आसतंय. दुसऱ्यानं शिवलं की तोल जातो." हात काढला. त्या कपाटात स्वेटर होता, स्वेटरखाली वही होती.
वर आल्यावर भिंतीला टेकून बसले, दोन तांबे पाणी प्यायले. सु.ने पाकीट पुढे केलं. घेईनात. ती हट्टाला पेटली, "बापू, घामाचे आहेत, घेतलेच पाहिजेत." तर म्हणाले, "वैनी, माजं शेटकडं हाय की. अकरा वर्साचं. ह्ये कशाला घिऊ?"
टोमणा नव्हता. मला तरी वाटला नाही. तेच जास्त वाईट.
मग उठले, खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पावलं टाकली, मोजली. "आमची याच्या निम्मी झाली आसती," म्हणाले आणि चपला घातल्या.

७ एप्रिल, सोमवार
सकाळी पाणी भरता भरता सु.ने विचारलं, "अकरा वर्षांचं काय?" सांगितलं सगळं. ती बादल्या भरत राहिली. शेवटची भरल्यावर म्हणाली, "यादी कोणी केली होती?"
"मी. पण बापूच नको म्हणाले, नाव घालू नका म्हणून."
"कांदा भरू नका, हवा दमट आहे, असं मी म्हणत होते. तेव्हा ऐकलं होतंत? नेमकं हेच बरं ऐकलंत."
शाळेला गेली. डबा न घेता. जाताना दारातून म्हणाली, "उद्या पाडव्याला दोघांना जेवायला बोलवा. त्यांची बायको आलीय गावाहून."
मी तिचा डबा खाल्ला. लाज वाटली, तरी खाल्ला.

८ एप्रिल, मंगळवार
पाडवा. गॅलरीत गुढी. वेगळी वास्तुशांत करायची नाही, साडेतीन मुहूर्तांतला एक आहे, पुरे, सु. म्हणाली. खाली सोसायटीच्या बोर्डावर नाव रंगवून झालंय. सौ. सुनंदा. पुढे माझं नाव आहे, पण ते तिच्या नावाचा भाग म्हणून.
बापू आणि काकी आले. काकी भिंतीला लागून बसल्या, मान वर नाही. पुरणपोळी वाढून झाल्यावर सु.ने लाल वही आणली. "बापू, हे मी देणार. दर पगाराला थोडं थोडं. मी सही करून देते."
बापूंचा हात ताटात थांबला. "वैनी, तुमच्यापाशी म्या ठेवलं नव्हतं."
"पण घर मी घेतलंय ना."
"तुमचं तुमी घेतलं. त्याचं मला काय न्हाई." मग माझ्याकडे न बघता, "परवा त्या कपाटाखाली छातीत कळ आली. जिन्यातच. मनात आलं, आता मेलो तर हिच्या हातात काय? वही शेटच्या घरात, आन् कोर्टात माजं नाव न्हाई. पैकं जवा व्हत्याल तवा द्या. त्या वहीत शेवटाला शेटनी सही करावी आन् वही हिच्याकडं द्यावी. यवढंच."
अकरा वर्षं, सही लागत नाही म्हणून माझ्याकडे पैसे ठेवणारा माणूस. त्याला माझी सही मागावी लागली.
मी काय म्हणालो? म्हणालो, "वकिलांना विचारतो."
काकींनी पहिल्यांदा मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. बापू म्हणाले, "इचारा. ऐतवारी येतो चारला." पोळी अर्धी राहिली पानात. बापू पानात कधी टाकत नाहीत.

१० एप्रिल, गुरुवार
वकील. ऐकून घेतलं, मग चष्मा काढला. "जूनमध्ये तारीख आहे. सुटायला आलात. आणि आता लिहून देणार की मी खोटी यादी दिली होती? यादीत नसलेला माणूस म्हणजे कोर्टाच्या भाषेत लपवलेला माणूस. तो कागद बाहेर आला की बाकीचे उठतील, फ्लॅटची चौकशी लावतील. आणि एवढं करून त्या हमालाला मिळणार काय? नादाराच्या सहीला किंमत नसते हो."
पटलं. लगेच पटलं. मला सोयीचं असलं की फार लवकर पटतं.
घरी सु. पेपर तपासत होती. फ्लॅटच्या चौकशीचंही सांगितलं, लपवलं नाही. तिचं लाल पेन थांबलं. "माझ्याकडे पैचीही पावती आहे. येऊ देत." पुढचे दोन पेपर तपासले आणि म्हणाली, "भीती मात्र वाटते."
मी म्हटलं, "आणि सही करून उपयोग काय? किंमतच नाही म्हणतात तिला."
"किंमत नाही ना? मग करून टाका की."

१३ एप्रिल, रविवार
नळाला पाणी आलं नाही. टँकर दुपारी.
सु. सकाळपासून माझ्याशी साधं बोलतेय, जेवायला काय करू वगैरे. तेच अवघड जातंय. भांडली असती तर मी भांडणात लपलो असतो. लाल वही टीव्हीवर ठेवलीय, तिच्यावर तिचं पेन. निळं, पेपर तपासायचं नव्हे.
वही उघडून बघितली. अक्षर माझंच, पण चांगल्या दिवसांतलं, ऐसपैस. दर महिन्याला एक ओळ. मे महिन्यांत नाही, मेमध्ये बापू गावी जायचे. शेवटच्या ओळीखाली अर्धं पान कोरं. तारीख घातली. आजची. तारखेला कोर्ट काही म्हणणार नाही.
जून फक्त दोन महिन्यांवर. सुटलो की पाटीवर माझं नाव, बँकेत खातं, कदाचित एखादा लहानसा गाळा. मग बापूंचं पहिलं. देवाशपथ पहिलं. हे मी त्यांना समजावून सांगू शकतो. बापू समजून घेतील. त्यांनी आजवर सगळं समजून घेतलंय, त्या जोरावरच तर मी
चिमण्या ओरडल्या. पावणेचारच झालेत. जिना चढून आल्यावर दम घ्यायला थांबले असतील, श्वास ऐकू येतोय दारातून.
सु. ओट्याजवळ आहे, चहाचं आधण ठेवलंय. वळली नाही. "दार तुम्ही उघडा," म्हणाली.