हिरवे चौकोन आणि वकिलाचा कोट

चि. धाकट्यास,

तुझ्या त्या हिरव्या चौकोनांना आधी आग लागो, मग माझा आशीर्वाद घे. तू बरा असशील, बायको बरी असेल, पोरं बरी असतील असं धरून चालते, कारण विचारायला फोन केला की तू “ताई, मीटिंगमध्ये आहे” असं कुजबुजून फोन ठेवतोस. म्हणून हे पत्र. पत्र असं तोंडावर ठेवता येत नाही. (येतं, पण मग ते टेबलावरून तुझ्याकडे बघत बसतं.) माझ्या अक्षराला हसू नकोस. चौथीत शाळा सुटली ती तुला कडेवर घ्यायला सुटली, हे आई तुला सांगणार नाही म्हणून मी सांगते. अक्षर लागलं नाही तर बायकोकडून वाचून घे. तिच्यासमोर वाचलं गेलं तर आणखी उत्तम.

आईची तब्येत विचारशील, तर तुझ्या ॲपमधली आई ठणठणीत आहे. आमच्या घरातली आई मात्र परवा स्वयंपाकघरातून येता येता दाराची चौकट धरून खाली बसली. डोकं गरगरतंय म्हणाली. तशीच डॉक्टरांकडे नेली, तर रक्तदाब हा एवढा वर. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या वेळेवर चालू आहेत ना? मी मान ताठ करून आईचा फोन पुढे केला. कुठं दाबलं की महिन्याचा तक्ता दिसतो हे तूच शिकवलं होतंस. सगळा हिरवागार. एखादी गाय असती तर चरायला आली असती. डॉक्टरही खूश झाले, असा पेशंट बघितला नाही म्हणाले. मग गंभीर झाले. इतक्या शिस्तीत गोळी घेऊनही उतरत नाही, म्हणजे ही गोळी पुरत नाही, आता जोराची सुरू करू. आणि चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी पर्समध्ये घेऊन मी घरी आले. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

आता मुळापासून सांगते, कारण तुला लहानपणापासून शेवटचं पान आधी बघायची खोड आहे. सुट्टीला आलास तेव्हा तूच हे लचांड आईच्या फोनमध्ये घातलंस. तुमची कंपनी म्हाताऱ्या माणसांना गोळीची आठवण करून देणारं ॲप काढणार, आणि बाजारात सोडायच्या आधी ते खऱ्या घरात, खऱ्या म्हाताऱ्या माणसावर तपासून बघायचं, आणि ते तपासणीचं खातं तुझ्या हाताखाली. खरं घर आमचं, खरं म्हातारं माणूस आई. (आमच्या ह्यांनी हौसेने विचारलं, मी चालेन का? तू म्हणालास, भाऊजी, तुम्हाला कुठे काय होतंय. तेव्हापासून ह्यांना रोज काहीतरी होतं.) त्यात तू तुझा आवाज भरलास. “आई, गोळी घेतेस ना गं?” इतकं मऊ, की मी सुद्धा शिलाई मशीन थांबवून बघितलं हा कोण. खाली दोन बटणं. एक “घेतली”, दुसरं “थोड्या वेळाने”.

आईने काय करावं? “थोड्या वेळाने” दाबलं. थोड्या वेळाने तू परत विचारलंस, तिने परत दाबलं. असं चहा होईस्तोवर चालायचं, आणि तुझ्या ऑफिसातल्या फळ्यावर आईच्या नावासमोर लाल चौकोन लागायचे. मग तुझा मला फोन, ताई, आई वेळेवर गोळी घेत नाही, जरा लक्ष देत जा. जरा! म्हणजे मी इथे पाय पसरून वारा घेत बसले होते, आणि लग्नाच्या सीझनचे कपडे आपोआप शिवले जात होते.

मग तू ती चष्मेवाली मुलगी पाठवलीस, घरातल्या दुसऱ्या माणसाचा आवाज घालून बघू म्हणून. मुलगी चांगली. चपला बाहेर काढून आली, आणि मशीनवर हात ठेवून विचारलं, ही तुमची का. तिने माझ्यासमोर फोन धरला आणि म्हणाली, बोला. मी घसा साफ केला आणि लेकीच्या मायेने बोलायला जाणार तेवढ्यात आई चहा गाळायला उठली. तिला मी ओरडले, “आई! बस खाली आधी! गोळी घे! किती वेळा सांगायचं!” आणि मेल्या, तू तेच ठेवलंस. मायेचं काढून टाकलंस.

दुसऱ्या दिवसापासून हिरवं. माझा आवाज सुरू व्हायचा अवकाश, आई “घेतली” दाबून मोकळी. तुझी कंपनी वेडी झाली. एका दुपारी तू मला फोनवर सगळ्या ऑफिससमोर उभी केलीस. मी त्यासाठी तोंडाला पावडर लावली आणि इस्त्रीची साडी नेसले (खाली दुकानातली चप्पल होती, ती दिसली नसावी). सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तू म्हणालास, ॲप शंभर टक्के तयार, सोमवारी सोडायचं, आणि सगळ्या घरांत ताईचाच आवाज घालायचा. मला काही वाटलं नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्या आठवड्यात दुकानात बाही आखूड करायला आलेल्या बाईला सुद्धा मी आधी तक्ता दाखवला, मग माप घेतलं. आईला ऐकायला लावणारं माणूस या घरात एकच, असं ह्यांना दिवसातून दोनदा ऐकवलं.

त्या टाळ्यांत एकटी चष्मेवाली टाळी वाजवत नव्हती. तिने हात वर करून विचारलं, सर, बटण दाबलं हे कळलं, पण गोळी पोटात गेली हे आपल्याला कसं कळलं? तू म्हणालास, ते आपल्या कामात येत नाही. आणि मी, तुझी बहीण शोभते ना, वरून तिला झापलं, की पोरी, माझी आई खोटं बोलत नाही. तिची माफी मी मागणार आहे, पण आधी तू मागायचीस, तू तिचा साहेब आहेस.

आता वकिलाचा कोट. डॉक्टरांकडून आले ती तशीच मशीनवर बसले, कारण कोपऱ्यावरचे वकील कोटाच्या बाहीसाठी खोळंबले होते. काळा कोट त्यांच्या अंगावर चढवला, बाही दुमडली, खूण करायला डब्यातला खडू घेतला आणि ओढला. उमटेना. जोर केला, तर चुरा झाला. आमचे हे म्हणाले, स्वस्तातला आणला असशील. मी दुसरा काढला, तोही तसाच. मग उजेडात धरला. खडू कधी एवढा गोल असतो? आणि मधोमध अर्धी मोडायची रेघ? डबा फरशीवर पालथा केला. खडू चार, बाकी सगळ्या आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या. वकील एक बाही वर, एक बाही खाली असे उभे राहून म्हणाले, बाई, हा पुरावा आहे, हात लावू नका.

आई शेजारच्या स्टुलावर उसवत बसली होती. (मी शिवलेलं उसवायची तिला पहिल्यापासून आवड.) मी विचारलं, हे काय? तर कात्री न थांबवता म्हणाली, तू ओरडतेस, म्हणून गप्प करते. मी म्हटलं, अगं, पण गोळी? म्हणाली, तू गप्प झालीस की काम झालं ना. मग म्हटलं, आणि त्याचा आवाज होता तेव्हा? तर हसली. म्हणाली, तो विचारायचा गं. परत परत ऐकायचे, मन भरलं की घ्यायचे. मी म्हटलं, मग ह्या टाकून तरी द्यायच्यास, तर म्हणे, मुलाने पाठवलेल्या गोळ्या कचऱ्यात कशा टाकू? डबा हाताशी होता.

डोक्यात शिरलं का तुझ्या? तक्ता लाल होता तेव्हा गोळी उशिरा का होईना पोटात जात होती. हिरवा झाला तेव्हा खडूच्या डब्यात जात होती. आणि ह्या हिरव्याच्या भरवशावर डॉक्टर तिला जोराची गोळी देणार होते! ती तिने एखाद्या दिवशी तुझी आठवण काढून खरंच घेतली असती तर? मी तशीच उठून दवाखान्यात गेले, डबाच पुढे ठेवला. डॉक्टरांनी चिठ्ठी फाडली, आणि माझ्याकडे असं बघितलं की ती चष्मेवाली आठवली.

तू कपडा घालणारा माणूस आहेस, म्हणून कपड्यातलं सांगते. मी कोणालाही कपडा हँगरवर दाखवून देत नाही. हँगरवर सगळंच बसतं. अंगावर चढव, हात वर कर, खाली वाक, पोट सोडून बस. काखेत ओढलं की उसव, परत शिव. गिऱ्हाईक म्हणतं, छान आहे हो, घाई आहे, द्या. मी देत नाही. तू सगळं ॲप हँगरवर बघितलंस आणि वर शंभर टक्क्यांची पट्टी चिकटवलीस.

तेव्हा आता तीन गोष्टी. सोमवारी ते सोडायचं नाही. का सोडायचं नाही ते त्या चष्मेवालीला टाळ्या वाजवणाऱ्यांसमोर उभं करून बोलायला लावायचं, आणि तू खाली बसून ऐकायचं. आणि माझा आवाज घराघरांत घालायचा विचार सोडून द्यायचा. एका आईने माझ्यामुळे गोळ्या लपवल्या तेवढं पुरे, गावोगावच्या म्हाताऱ्यांचे डबे मी का भरू?

तुझी,
ताई

ता. क. आवाज घालायचाच असं वरच्यांनी ठरवलं, आणि तुझं काही चाललं नाही, तर निदान परत भरून घे. त्या दिवशी माझा घसा बसला होता. मी मऊही बोलू शकते. (हे म्हणतात, मऊ बोललीस तर घरचे ओळखणार नाहीत. त्यांना काय विचारायचं.)

आणखी एक ता. क. आईच्या फोनात मी तुझा आवाज परत घातलाय. माझ्याने जमेना, वकिलांनी घालून दिला. म्हणजे उद्यापासून तुझ्या फळ्यावर परत लाल दिसेल. लाल दिसलं म्हणून मला फोन करून झापायचं नाही. लाल असलं की समजायचं, आई बरी आहे.

शेवटचा ता. क. उत्तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाहिजे, आणि ते मला नको. आईला फोन कर, तोंडाने बोल, आणि तिचं मन भरेपर्यंत ठेवायचा नाही. मीटिंग असेल तर मीटिंगला थांबायला सांग. “थोड्या वेळाने करतो” मला ऐकायचं नाही. ते बटण या घरात फक्त आईला आहे.