रुसण्याचा दगड

तीर्थस्वरूप दादास,

तुझ्या शेपटाचा साष्टांग नमस्कार. (कागदावर साष्टांग घालायला काही लागत नाही. खरोखर घातला तर मला उठवायला माणूस बोलवावा लागेल.) तुझी तब्येत कशी आहे हे विचारत नाही, कारण सूनबाईने फोनवर सगळं सांगितलं आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झकास झालं, डॉक्टर म्हणतात भरपूर चाला, आणि तू खुर्चीतून उठून खिडकीपर्यंत जातोस नि ‘आता कुठे जायचंय मला’ म्हणून परत बसतोस. डोंगर चढायचे बूटही वॉचमनला देऊन टाक म्हणालास म्हणे. पोरगी काळजीत आहे. पण मी पडले धाकटी, मोठ्या भावाला उपदेश करणं मला शोभत नाही. फोनवर तू ‘बरं, बरं’ करून ठेवून देतोस, म्हणून पत्राने फक्त आमच्या सहलीची हकीकत कळवते.

तर गेल्या रविवारी आम्ही दोघं तळ्यावर गेलो होतो. लहानपणी आपण भटकायचो त्या सगळ्या जागा यांना एकदा दाखवायच्या, असं माझ्या मनात होतं. तुझे मेहुणे मोजणी खात्यातून निवृत्त झाले तरी मोजणी त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही, हे तुला माहीतच आहे. बरोबर नकाशा, नकाशा भिजू नये म्हणून प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवी हरवू नये म्हणून ती दोरीने गळ्यात. शिवाय तळ्याभोवती आता जागोजागी बाणांच्या पाट्या. माणसाला चुकायची सोयच ठेवलेली नाही. नकाशातली सगळी ठिकाणं आम्ही जेवणाच्या आत बघून संपवली. बाकं आहेत, कठडे आहेत, कचरापेट्या आहेत. आपलं त्यात एकही नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्या जागा नकाशात येतील कशा? त्या सगळ्या तुझ्या कर्तबगारीने सापडलेल्या. ‘मला नाकाने वाट कळते’ म्हणून तू सर्वांत पुढे, बाबा डावीकडे म्हणाले की तू हटकून उजवीकडे, मागून डब्यांची पिशवी घेऊन आई, आणि शेवटी मी शेपूट. आईचा धीर जिथे सुटायचा तिथेच डबा सुटायचा. बाबांशी तुझं वाजलं तो भांडणाचा माळ, तुझा बूट चिखलाने गिळला ते बुटाचं डबकं, आणि एकाच झाडाची तिसऱ्यांदा गाठ पडल्यावर ‘आता मी इथून हलायची नाही’ म्हणून आई बसली तो रुसण्याचा दगड. (तिथून तळं किती सुंदर दिसतं ते पहिल्यांदा तिनेच पाहिलं. बाकीचे सगळे तिची समजूत काढण्यात गुंतलो होतो.) पुढे दरवर्षी आपण ठरवून तिथे जायचो आणि दरवर्षी चुकूनच पोचायचो.

म्हणून यांना म्हटलं, नकाशा ठेवा घडी करून, आता दादासारखं जाऊ. ऐकलं त्यांनी, पण बिचाऱ्यांना चुकताच येत नाही. कुठल्याही झाडीत सोडा, बोलता बोलता गाडीपाशी आणून उभं करतात. असं पुन्हा पुन्हा झाल्यावर गाडीच्या टपावर डबा ठेवून उभ्याउभ्याच जेवलो आणि हे सीट मागे करून घोरायला लागले. वाट चुकायलाही अंगात गुण लागतो, दादा. आपल्या घरात तो फक्त तुझ्याकडे होता. आता तूच खुर्ची धरून बसलास, तेव्हा त्या जागा गेल्या म्हणायच्या. आमची तक्रार नाही. जिवाला जप, सूनबाईला आशीर्वाद.

तुझं,
शेपूट

ता. क. – वरचं पत्र यांनी वाचून, दोन वेलांट्या सुधारून परत दिलं आहे. आता खरं लिहिते. रुसण्याचा दगड सापडला. हे घोरत होते तेव्हा मी एकटीच निघाले आणि प्रत्येक फाट्यावर जी वाट बरोबर वाटली ती सोडून दिली. तळं अजून तसंच दिसतं. आईची फार आठवण आली, आणि तुझीही. यांना मात्र पत्ता लागू देऊ नकोस. मोजणी खात्याच्या माणसाला साधा एक दगड सापडू नये, या चुटपुटीने ते पुढच्या महिन्यात परत जायला निघाले आहेत. गाडीत मागची सीट रिकामी आहे.

ता. क. दुसरा – बूट वॉचमनकडे गेलेले नाहीत, माळ्यावर आहेत. तसं मीच सांगितलं होतं, तेव्हा सूनबाईला बोलू नकोस.

ता. क. शेवटचा – चढ फारसा नाही, सावकाश येशील. दगडावर मी तुझ्यासाठी बसून पाहिलं, माझे गुडघे काही तुझ्याहून बरे नाहीत. बसता छान येतं. उठताना मात्र पंचाईत झाली, शेवटी एका झुडपाला धरून कशीबशी उभी राहिले. तिथे जोडीला माणूस हवंच. खुर्चीतून तेवढा तुझा तू ऊठ. दगडावरून आपण एकमेकांना उठवू.