चारही दारांची हँडलं

प्रिय छबे,

गाडी विकलीस का, असं परवा फोनवर विचारलंस. नाही विकली. उलट गेला आठवडाभर तिची दारं खोलून बसले होते. हसू नकोस. बाहेरची चारही हँडलं काढली, साफ केली, रंगवली आणि पुन्हा बसवली. शिवणाचं दुकान बंद केल्यापासून हातांना काहीतरी चाळा हवाच होता.

आधी गॅरेजवाल्याकडे गेले. तो म्हणाला, "मावशी, या गाडीची हँडलं आता मिळत नाहीत. जुनीच नीट करा, नाहीतर भंगारात काढा." भंगार म्हटल्यावर माझं डोकंच फिरलं. घरी येऊन ह्यांचा पाना-पेचकसांचा डबा काढला. दाराचं आतलं आवरण सोडवायचं, मग हात आत घालून हँडलमागचे नट चाचपडत ढिले करायचे. दिसत काहीच नाही. पण मशीनमध्ये अडकलेला दोरा न बघता काढण्यात माझा जन्म गेला, ते उपयोगी पडलं. हँडलं हातात आली तेव्हा त्यांची पार रया गेली होती. रंगाचे पोपडे, खाली गंज, खाचांत मळ. रॉकेल आणि जुना टूथब्रश, मग पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर. घासून घासून बोटं सोलवटली. रंगाचा पहिला हात ओघळला, तो पुसून पुन्हा दिला. तारेने बांधून कपड्यांच्या दोरीवर वाळत घातली, तर शेजारीण विचारते, हे धुणं कुणाचं गं!

माझ्या बाजूचं दार बाहेरून उघडत नसे, आठवतंय? हे आधी आत बसायचे, आडवे वाकून दार उघडायचे आणि तू मला चिडवायचीस, भाऊजी किती प्रेमाने दार उघडतात म्हणून. कसलं प्रेम! आतली एक नखाएवढी प्लास्टिकची क्लिप तुटली होती. हँडल ओढलं की कुलूप सोडवणारी सळी असते, ती त्या क्लिपने धरून ठेवलेली असते, बस्स. एवढी क्लिप बदलायला ह्यांना इतक्या वर्षांत सवड झाली नाही. त्या दाराशी फतकल मारून मी आधी खूप हसले, मग चहा गार होईपर्यंत नुसतीच बसून राहिले. ह्यांना जाऊन वर्ष होत आलं, पण त्यांच्यावर मनसोक्त चिडायला मला त्या दिवशीच जमलं. मग डोळे पुसून नवी क्लिप बसवली.

गाडीवर हातही पुन्हा बसलाय. सकाळी रस्ते रिकामे असताना मोठ्या हॉस्पिटलपर्यंत जाऊन येते. तिथल्या पार्किंगच्या चढावर पहिल्या दिवशी गाडी मागे घसरली आणि रखवालदार केवढ्यांदा ओरडला! आता तोच लांबून हात करतो.

छबे, तुझ्या लेकीने मला सगळं सांगितलं. ती गाठ, तपासणीसाठी काढायचा तुकडा आणि तू दोनदा पुढे ढकललेली तारीख. लेकीला रजा टाकून परगावाहून यायला लावायचं नाही, बसमध्ये धक्के बसतात, घरात पाणी भरायला कुणी नाही. तुझी ही कारणं नवी नाहीत, शाळा बुडवतानाही असलीच द्यायचीस. फोनवर बोलले असते तर तू विषय बदलला असतास, म्हणून लिहितेय. मागच्या दारांनाही हात घातला तो याचसाठी, परतताना तुला मागे आडवं पडता येईल. मंगळवारची वेळ मी घेतली आहे. सकाळी सातला तुझ्या दारात असेन. जे निघेल ते निघेल, त्याचं पुढे बघू. भीती मलाही वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण तू एकटीने घाबरत बसावंस, हे मला चालणार नाही.

तुझीच, तू खाली येईपर्यंत हॉर्न वाजवत बसणारी,
ताई