कोरा सोडलेला रकाना

९ जून, रविवार, सकाळ

लाडक्या गोटूस,

बस वेळेवर पोहोचली ना? खोलीतल्या मुलींनी तुझी गादी खिडकीशी ठेवली की परत दाराकडे ढकलली? इकडे तुझ्या बाबांचा खोकला बरा आहे. तू विसरून गेलेली दगडांची पिशवी उचलायला गेले, तर माझं मनगटच धरलं. तुला गोटू म्हणायला लागलो ते उगीच नाही! फोन केला असता, पण फोनवर माझं मेलं धड जमत नाही. म्हणून पत्र.

मागच्या रविवारी आपलं वाजलं, त्याबद्दल लिहायचंय. पण आधी कामाचं सांगते.

बुधवारी छापखान्यातून अर्धी रजा काढून इथल्या कॉलेजच्या विद्यार्थी मदत कक्षात गेले. तिथल्या बाई चष्म्यावरून बघतात, पण कामाला वाघ. म्हटलं, "भाचीसाठी शिष्यवृत्ती शोधतेय. तिला ऐकायला कमी येतं."

"विषय कुठला?"

"भूगर्भशास्त्र."

"मग आधी विषय धरा," त्या म्हणाल्या. "सगळे मोठ्या नावांमागे धावतात, तिथे अर्जांचा ढीग. या विषयाला मुलं मुळात थोडी. त्यात ऐकण्याची, बघण्याची, चालण्याची अडचण असलेली आणखी थोडी. चाळत चाळत खाली या."

दोन तास चाळत बसलो आणि चाळणीत एक दाणा राहिला. भूगर्भशास्त्रज्ञांच्या एका संस्थेची शिष्यवृत्ती. जागा चार, गेल्या वर्षी अर्ज आले सात! फी तर मिळतेच, पण सर गळ्यात छोटा माइक अडकवतात आणि त्यांचं बोलणं थेट तुझ्या कानातल्या यंत्रात येतं. टिपणं काढून द्यायला माणूसही देतात, अगदी डोंगरावरच्या अभ्याससहलीतसुद्धा. मार्कलिस्ट, शिक्षकांचं पत्र, कानाच्या डॉक्टरांचा दाखला आणि 'हाच विषय का' यावर दोन पानं, एवढंच लागतं. शेवटची तारीख तीस जून. अर्ज सोबत ठेवलाय. दुसऱ्या पानावर अकरावा रकाना आहे, 'अपंगत्व असल्यास तपशील'.

मागच्या रविवारी अशाच रकान्याशी आपलं घोडं अडलं होतं. तू म्हणालीस, "असल्या रकान्यात मी काही लिहिणार नाही. मला मार्कांवर मिळू दे, बिचारी म्हणून नको." मी समजवायला गेले तर ताडकन म्हणालीस, "तुला काय कळणार आत्या! तुझे दोन्ही कान धड आहेत."

मी भांडी घासायला उठले. तुला वाटलं, रागावले. नव्हते गं रागावले. घाबरले होते.

माझे दोन्ही कान धड नाहीत.

बाराव्या वर्षी ताप आला आणि डाव्या कानाचं ऐकणं पार गेलं. उजव्याचं निम्मं राहिलं. आईने घरात सांगितलं, पोर बरी झाली, आणि मला म्हणाली, "कुठे बोलू नकोस हो." तिला माझी काळजी होती, दुसरं काही नाही. मी ओठ वाचायला शिकले. नाही कळलं की हसायचं. तुम्ही पोरं मला 'तंद्री आत्या' म्हणता ना, त्या तंद्रीत मी आयुष्यभर लपले. छापखान्यात तर यंत्रं चालू झाली की सगळेच ओरडतात, तिथे मी चारचौघींसारखी. आणि प्रुफं वाचायला कान लागत नाहीत.

अठराव्या वर्षी मला रसायनशास्त्राला प्रवेश मिळाला. घरातून एकालाच पाठवणं शक्य होतं. तुझ्या बाबांचंही नाव यादीत होतं, पण ते म्हणाले, "हिला जाऊ दे. हिचं डोकं माझ्यापेक्षा चालतं." आणि ते सुतारकामाला लागले. हे तुला कुणी सांगितलं नसेल.

माझ्या अर्जातही असा रकाना होता. मी कोरा सोडला. पहिल्या बाकावर बसायचे, पण सर फळ्याकडे तोंड करून शिकवायचे. पाठीवर का ओठ असतात? एकदा प्रयोगशाळेत जोडीदारीण काहीतरी म्हणाली, मला कळलं नाही आणि मी भलतीच बाटली ओतली. इजा कुणाला झाली नाही. पण सर सगळ्यांदेखत ओरडले, "ऐकू येत नाही का?"

मी म्हटलं, "येतं, सर."

आठ महिन्यांत घरी परत आले. तुझ्या बाबांनी कारण विचारलं. म्हटलं, "मन रमलं नाही." ते दीड वर्ष माझ्याशी बोलले नाहीत.

तुला सांगायच्या आधी त्यांना सांगायला हवं होतं. गुरुवारी त्यांच्या कारखान्यात गेले. ते फळीवर रंधा मारत होते. म्हटलं, "दादा, मला कॉलेजात ऐकू येत नव्हतं." रंधा थांबला. माझं सांगून झालं तरी ते स्टुलावर बसून हातातले छिलपे चुरत होते.

"आणि मी एकोणतीस वर्षं समजतोय, तू माझी जागा वाऱ्यावर सोडलीस. एवढं सांगता नाही आलं?"

"लाज वाटली."

"माझी?"

मी पायाशी पडलेला एक छिलपा उचलला. मग त्यांनी विचारलं, "कुठला कान?" मी डाव्याला हात लावला. ते नेमके त्याच बाजूला बसले होते. उठले, स्टूल उचलून माझ्या उजवीकडे आणून ठेवलं आणि म्हणाले, "आता पहिल्यापासून सांग."

काल कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. यंत्र पंधरा दिवसांत मिळेल. कागदावर माझ्या नावापुढे 'श्रवणदोष' लिहिलेलं दोनदा वाचलं. प्रुफं वाचणारीला चूक सापडली नाही.

गोटू, अर्ज तुझा, सही तुझी. मार्कही तुझेच राहतील. माइक काही दगड ओळखून देत नाही. तरी रकाना कोरा ठेवावासा वाटला तर ठेव. मी दुसरी शिष्यवृत्ती शोधीन आणि टोमणे मारणार नाही. फारसे.

पुढच्या वेळी येशील तेव्हा माझ्या उजवीकडे बस. तुझं कितीतरी बोलणं मी नुसतं हसून सोडून दिलंय. ते सगळं मला पुन्हा ऐकायचंय.

तुझी, फार उशिरा बोललेली,
आत्या