ओसरीवरचा समुद्र आणि चार फुटी ट्यूब

शनिशिंगणापूर, ता. नेवासे
रविवार, १४ नोव्हेंबर १९७१

तीर्थरूप गोरक्षकाकांच्या पायी पुतण्या मच्छिंद्रचे दंडवत.

तुमच्या गुडघ्याची खुशाली आधी कळवा, बाकीचं मागून. इकडे आईचा (म्हणजे तुमच्या वहिनीचा) आवाज पूर्वीसारखाच खणखणीत आहे, आमच्या मंडळींचा, म्हणजे छबूचा, त्याखालोखाल आहे आणि माझा फारसा ऐकू येत नाही, यावरून घरात सगळं ठीक आहे हे तुम्ही ताडालच. तुम्ही पुढं धाडलेली काचेची टाकी, तिच्यातला काळा दगड, त्याच्यावरचं प्रवाळ आणि पट्ट्यापट्ट्यांचे चारही मासे ठणठणीत आहेत. हे मुद्दाम आधी लिहितो, कारण तुमचं मागचं पत्र माझं पाठ झालं आहे. तीस वर्षं मालवणला मत्स्यखात्यात काढून तुम्ही डिसेंबरात निवृत्त होणार आणि लिहिता काय, तर माझा दगड तुमच्याकडे दिवाळीपार जगला तर मीही तिथं जगेन असं समजून घरी येतो, नाहीतर इथंच समुद्राकडेला खोली बघतो. काका, माणसानं घरी यायचं की नाही हे कुणी दगडाला विचारतं का? पण तुम्ही विचारलंत, आणि उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली.

तुमची सूचना एकच होती. टाकी खोल आहे, उजेड तळापर्यंत गेला पाहिजे, ट्यूब बघून घे. टाकी अडीच फूट खोल. (उन्हाळ्यात आपल्या विहिरीलाही एवढं पाणी नसतं.) मी सोनईच्या शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा ट्यूबबिब कशाला, म्हणून पहिल्यांदा शंभराचा दिवा टांगला. उजेड पडला, पण दुपारी आईनं पाण्यात बोट बुडवून सांगितलं की आता डाळ टाकायला हरकत नाही. मासे एका कोपऱ्यात जमून माझ्याकडे बघत होते. दिवा उतरवला आणि दुसऱ्याच दिवशी रजा टाकून नगर गाठलं.

नगरला छगनशेठ म्हणून विजेच्या सामानाचे दुकानदार आहेत. त्यांनी पिवळसर ट्यूब काढली आणि साड्यांच्या दुकानात हीच लावतात, माल खुलून दिसतो, असं छातीठोक सांगितलं. माल खुलणार म्हटल्यावर मी भुललो. घरी आणून लावली तर माशांना कावीळ झालेली! शिवाय मी एक शास्त्रीय कसोटी काढली होती. टाकीच्या काचेखाली वर्तमानपत्र ठेवायचं आणि वरून पाण्यातून वाचायचं. मथळे वाचता आले, बारीक अक्षर नाही. दुसऱ्या खेपेला पांढरी ट्यूब आणली. टाकी तीन फूट लांब, पण तीन फुटी ट्यूब छगनशेठकडे नव्हती, आणि दोन फुटीनं कडा अंधारात राहतात, म्हणून चार फुटी घेतली. ती एसटीतून आणताना मी घोडेगावपर्यंत उभा होतो. बसायला जागा होती, पण ट्यूबला नव्हती.

एका ट्यूबनं तळाचं राशिभविष्य धूसर दिसलं, म्हणून दुसरी आणली. (छगनशेठ आता मला बघितलं की आधी चहा सांगतात.) मग आपल्या कानिफनाथ वायरमननं तेलाचे डबे उभे चिरून, एकापुढं एक जोडून त्यांचं झाकण केलं, आतून चुना फासला आणि दोन्ही ट्यूबा त्याच्यात बसवून दाव्यानं आढ्याला टांगल्या. काय उजेड पडला म्हणता! तळचं राशिभविष्य घडाघडा वाचता आलं. (माझ्या राशीला पाहुण्यांची वर्दळ होती. मी हसलो.) तुमचा काळा दगड पाण्यात असा उजळला की आई हातातलं सूप ठेवून तासभर बसून राहिली. फक्त ट्यूबा टाकीच्या बाहेर फूटभर आल्या होत्या, तो उजेड ओट्यावरून थेट रस्त्यावर पडायचा. पडेना का, असं मी म्हटलं.

काका, मालवणला राहून तुम्ही विसरला असाल, पण आपल्या घराला दार नाही. गावातल्या कुठल्याच घराला नाही. कालच्या नव्हे, त्याच्या आधीच्या शनिवारी मी सकाळच्या शाळेला, छबू विहिरीवर, आई मळ्यात. देवाला आलेली माणसं ओल्या अंगानं, हातात तेलाची वाटी घेऊन रस्त्यानं चाललेली. त्यातल्या पाथर्डीकडच्या एका म्हाताऱ्याला उघड्या घरात, लखलखीत उजेडात, काचेआड काळी शिळा दिसली. तो आत आला, हात जोडले आणि भक्तिभावानं वाटी टाकीत रिकामी केली. एक गेला की त्याच्यामागं दहा जातात, हा तर आपल्याकडचा रिवाजच.

मी आलो तेव्हा ओट्याखाली चपलांचा ढीग, उंबऱ्यावर नारळ फुटलेला आणि रांग पार बन्सीच्या गोठ्यापर्यंत. आई मळ्यातून आलेली होती आणि रांगेतल्या माणसांना पाणी देत होती! मी कपाळाला हात लावला, तर म्हणाली, "देवाच्या भावनेनं आलेल्या मानसाला कसं म्हनू, की ह्यो आमच्या भावजींचा दगड हाय?" पाण्यावर दोन बोटं तेल, आणि तुमचे मासे वर तोंड करून आ वासत होते. खरं सांगतो, तेव्हा मला मासे दिसलेच नाहीत. मालवणातली तुमची खोली दिसली.

वाचवलं छबूनं. तेल कागदाला लागतं, हे पापड तळणाऱ्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. घरात कोरडे, मोठे कागद म्हणजे माझ्या सातवी ब च्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका. एकेक पाण्यावर पसरायची आणि अलगद उचलायची. बेचाळीस पोरांनी मिळून टाकी साफ केली. गुण कशावरून द्यावेत असं काही उरलं नाही, म्हणून सगळे पास केले. हेडमास्तर माझ्या शिकवण्यावर खूश आहेत.

तेव्हा काळजी नसावी. थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद.

तुमचा,
मच्छिंद्र

ता. क. – "ठणठणीत" हा शब्द वर घाईत पडला. प्रवाळाची रस्त्याकडची बाजू पांढरी पडली आहे. पसाभर असेल. बाकीचं रोज फुलतं, मी भिंग लावून बघतो. खोटं लिहून तुम्हांला बोलवावं असं वाटलं होतं, पण जमलं नाही.

दुसरा ता. क. – समुद्राचं पाणी दोन कॅन हवं आहे. पार्सलनं पाठवू नये, फुटतं. कुणीतरी स्वतः घेऊन यावं. शनिवारी टाकीपाशी बसायलाही भारदस्त माणूस हवा आहे.

तिसरा ता. क. – आई पत्र वाचून घेत होती. म्हणते, माझंही लिही, आणि मी बोलते तसंच लिही. लिहितो: "भावजी, तुमच्या दगडाची एक कड गेली, बाकीचा जगलाय. मानसाचं बी तेवढंच ऱ्हातं. तुमच्या जागंवर गोधडी टाकून ठिवलीया. आन् आपल्या घराला दार न्हाई, मग तुमी अडलाय कुठं?"